सुई शेवटी कुणाच्या हातात जाते?

ओला-सुका आता लहान पोरांनाही पाठ झालाय. तिसऱ्या कचऱ्याचं काय करता, असं विचारलं की मात्र लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. २०१६ च्या घनकचरा नियमांत 'घरगुती घातक कचरा' हा प्रकार स्वच्छ लिहिलेला होता: रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या, सीएफएल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, फुटलेला थर्मामीटर, सेल, वापरलेल्या सुया. हा कचरा नेऊन देण्यासाठी पालिकेने दर २० चौरस किलोमीटरला एक केंद्र उभारायचं, हेही त्यातच होतं. तुमच्या जवळचं केंद्र माहीत असेल तर कमेंटमध्ये पत्ता टाका. टोमणा नाही, खरंच हवाय.

यातला माझा मुख्य राग सुयांवर आहे. आमच्याकडे आईला रोज इन्सुलिन लागतं, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये असं घर काही एकटं आमचंच नाही. साखर तपासायची लॅन्सेट, इन्सुलिनच्या पेनची सुई, सिरिंज, सगळं बहुतेक घरांतून काळ्या पिशवीत जातं. कचऱ्याच्या जागृतीचं पोस्टर काढायचं म्हटलं की त्यावर हिरवी पृथ्वी असते. पण सुई पृथ्वीला टोचत नाही. ती टोचते पिशवी उघडून हाताने कचरा निवडणाऱ्या बाईला. सुई कुणाची, त्या माणसाला कुठला आजार, तिला काहीच कळायला मार्ग नाही. हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही, सगळ्याची धास्ती. तपासण्या करा, पुन्हा काही आठवड्यांनी करा, आणि त्या दिवसांचा रोज बुडतो तो वेगळाच.

बरं, 'सुया बाटलीत भरा' एवढं सांगूनही भागत नाही. पाण्याची पातळ बाटली सुई आरपार फोडते. फरशी पुसायच्या लिक्विडची किंवा डिटर्जंटची जाड बाटली घ्या, पाऊण भरली की झाकण लावून वरून चिकटपट्टी गुंडाळा. आता खरी गोम: जाड प्लॅस्टिकला भंगारात भाव येतो. ती बाटली सुक्या कचऱ्यात टाकलीत तर कुणीतरी ती रिकामी करायला उघडणारच! म्हणून बाहेरून लाल रंगाची ठळक खूण करायची (अक्षरं प्रत्येकाला वाचता येतीलच असं नाही), आणि ती वेगळी, कचरा नेणाऱ्याच्या हातात, सांगून द्यायची. ओळखीचा दवाखाना किंवा लॅब घेत असेल तर त्याहून उत्तम.

लाल खूण ही माझी अक्कल नव्हे. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने वापरलेले पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची पद्धत रुजवली. त्याआधी २०१३ मध्ये त्यांनी वापरलेल्या पॅडची पोती थेट बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत धाडली होती. मला ते भयंकर आवडलं होतं. ज्याने विकून नफा कमावला, त्याने निदान वास तरी घ्यावा. सुयांच्या बाबतीत एवढं कुणी केलेलं माझ्या तरी ऐकिवात नाही.

बाकीचं थोडक्यात. औषधांची अख्खी स्ट्रिप टाकू नका, ती कुणाच्याही हाती लागते. अँटिबायोटिक बेसिनमध्ये ओतू नका. केरळने जुनी औषधं गोळा करायला सरकारी योजना काढली आहे, आपल्याकडे का नाही? ट्यूब फुटली तर खिडक्या उघडा, थोडा वेळ खोलीबाहेर जा, नंतर जाड कागदाने तुकडे उचला. झाडू नको, व्हॅक्यूम तर नकोच, ट्यूबमधला पारा सगळीकडे पसरतो. फुगलेली मोबाइलची बॅटरी घंटागाडीत टाकणं म्हणजे आगीला आमंत्रण.

'लोकांमध्ये जागृती हवी' या वाक्याचा मला आता कंटाळा आलाय. जागृत माणसानेही ती बाटली न्यायची कुठे? सुया मेडिकलवाला घरपोच देतो. त्याच पोऱ्याने परत जाताना भरलेली बाटली न्यावी, आणि तिची विल्हेवाट लावायचा खर्च सुया बनवणाऱ्या कंपनीने उचलावा. जुन्या बॅटऱ्यांसाठी २०२२ च्या नियमांनी अशी जबाबदारी उत्पादकांवर टाकलीच आहे.

तोवर आमच्या सोसायटीपुरता एक कुलुपाचा डबा ठेवावा आणि एखाद्या दवाखान्याशी बोलून घ्यावं, असा विषय पुढच्या सभेत मांडतोय. 'गेटपाशी डबा बरा दिसणार नाही' ही हरकत आत्ताच ग्रुपवर आली आहे. ठीक, पंपाच्या खोलीत ठेवू.