काहीही अंतर्भूत असले तरी

संध्याकाळी साडेसहाला आमच्याकडे कुकर लागतो, तेव्हा चीनमध्ये रात्रीचे नऊ वाजलेले असतात. नेमका त्याच वेळी मी पुण्यात लॅपटॉपसमोर बसून, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली पायजमा अशा थाटात, चेंगडूच्या एका अकाउंटंट बाईंना इंग्रजी शिकवतो. त्या मला ‘लाओशी’ म्हणतात. म्हणजे गुरुजी. त्यातल्या नुसत्या ‘लाओ’चा अर्थ म्हातारा होतो हे कळल्या दिवशी मी टेबलावरचा दिवा बदलून घेतला.

परवा बाई एक करार घेऊन आल्या. “लाओशी, नॉटविथस्टँडिंग म्हणजे काय?”

“अगदी सोपं आहे,” मी म्हणालो. इथेच चुकलं.

शब्दाची फोड त्यांनी आधीच करून ठेवली होती. त्यांच्या भाषेत कॉम्प्युटर म्हणजे ‘दिएन-नाओ’, वीज अधिक मेंदू. शब्द सुटा केला की अर्थ हातात. “नॉट, विथ, स्टँडिंग. सोबत उभं न राहता. म्हणजे बसून?”

मी सांगितलं की जुन्या इंग्रजीत ‘विथ’चा अर्थ ‘सोबत’ नव्हता, ‘विरुद्ध’ होता. आडवं येणं म्हणजे विथस्टँड. आडवं आलं तरी अडत नाही, ते नॉटविथस्टँडिंग. (आपला ‘शी’ तरी कुठे धड आहे? त्याच्याशी लग्न करायचं आणि त्याच्याशीच भांडायचं.) बाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, “पण डिक्शनरीत ‘जिनग्वान’ लिहिलंय.”

या जिनग्वानने माझे तीन दिवस खाल्ले. त्याचा एक अर्थ ‘जरी’. दुसरा अर्थ ‘खुशाल’, म्हणजे खुशाल विचारा, खुशाल खा. डिक्शनरीने पहिला सांगितला, बाईंनी दुसरा उचलला आणि एका परदेशी ग्राहकाला मेल गेलीसुद्धा: ‘इफ एनी क्वेश्चन, नॉटविथस्टँडिंग आस्क मी.’ ग्राहकाने अजून काही विचारलेलं नाही. हिंमत झाली नसावी.

बरं, ‘ऑल्दो’ वापरा म्हटलं, तर ऑल्दोच्या मागोमाग ‘बट’ हजर. मी रुबाबात सांगितलं, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. त्या म्हणाल्या, चिनीत ‘स्वेइरान’ आलं की पाठोपाठ ‘दानशी’ येतंच, एकट्याला बरं दिसत नाही. मला हसू आलं आणि घशातच अडकलं. जरी-तरी! सातवीत माझ्या वहीत याच ‘बट’भोवती लाल शाईचा गोळा होता, आणि शाळेतल्या बाईंनी तो सगळ्या वर्गाला दाखवला होता.

एवढ्यात मागून बाबा आले. महसूल खात्यातून निवृत्त. इतका वेळ पेपराआडून ऐकत होते. “अरे, ‘या अधिनियमात काहीही अंतर्भूत असले तरी’ असं सरळ सांग ना तिला! कलम ३७० ची सुरुवातच या शब्दाने होती.” मग कॅमेऱ्यात डोकावून बाईंना नमस्कार केला. बाईंनी त्यांना अदबीने ‘लाओशी’ म्हटलं. तिथे तो शब्द शोभलाही.

शेवटी मी सांगितलं, हा शब्द नामाच्या आधी चालतो तसा नंतरही चालतो. नंतर आला की जास्त भारदस्त वाटतो. उद्या एक वाक्य लिहून पाठवा. तोवर कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या होत्या आणि डाळीचं पिठलं.

सकाळी वाक्य आलं: ‘युवर एक्स्प्लनेशन नॉटविथस्टँडिंग, आय अंडरस्टँड.’

तुम्ही समजावून सांगितलंत, तरीही मला समजलं. चहा गार होईपर्यंत मी त्यात चूक शोधत होतो. सापडली नाही. दहापैकी दहा द्यावे लागले.