डब्यात काय हाय?

होळी झाली की कोल्हापुरात घरोघरी एक हिशोब सुरू होतो आणि त्याचा मार्चअखेरीशी काही संबंध नसतो. बरणीत चटणी किती उरली, एवढाच तो हिशोब. मिरची, कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे आणि अख्खा गरम मसाला एकत्र कुटून वर्षभरासाठी भरून ठेवायची ती चटणी. भाजीत ती, आमटीत ती, वर तेल सोडून भाकरीबरोबर ती, आणि पाव्हणा पुण्याला निघाला की त्याच्या पिशवीत ती. शेजारी वाटीभर साखर मागायला आमच्याकडे कुणाला लाज वाटत नाही. चटणी मागायला वाटते.

आमच्या घरी या खात्याच्या कॅबिनेट मंत्री आई, राज्यमंत्री बायको. माझ्याकडे वाहतूक. आण्णा, म्हणजे माझे वडील, कायम विरोधी पक्षात असतात, पण पानं वाढली की सरकारात येतात.

सुरुवात लक्ष्मीपुरीत होते. आई पोत्यातली एक मिरची उचलते, कानाशी नेऊन हलवते, मोडते, वास घेते आणि काही न बोलता पुढच्या दुकानाकडे चालू लागते. दुकानदार मागून ओरडतो, "काकू, एक नंबर माल हाय, बघून तर जावा!" बघूनच निघालेल्या बाईला आणखी काय दाखवणार? ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला आणि मनात आलं तर मूठभर लवंगी. कुठली किती, ते आईच्या डोक्यात. बायकोला अर्धं माहीत आहे. मला अजिबात नाही.

पिशवी धरून उभं राहायचा कंटाळा आला म्हणून मी जरा माहिती दिली. ब्याडगी ही कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली, तिला 2011 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा रंग काढून लिपस्टिकमध्येसुद्धा घालतात वगैरे. आई म्हणाली, "घालू देत. आपल्याला तर्रीला पायजे. तू पिशवी नीट धर, देठं मोडत्यात."

घरी आल्यावर हाच प्रयोग मी आण्णांवर केला. मिरची मुळात आपली नव्हेच, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती इकडं आली. आण्णांनी पेपर खाली ठेवला. "म्हणजे पन्हाळा बांधणाऱ्या भोजराजाच्या ताटात तांबडा रस्सा नव्हता?"

"नव्हता. तो बाराव्या शतकातला. फार तर मिरी असेल."

आण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तरीबी एवढा किल्ला बांधला गड्यानं. कमाल हाय." आणि परत पेपर उचलला.

मिरच्यांना गच्चीवर ऊन देणं हे खरं तर बिनकष्टाचं काम. म्हणूनच ते मला मिळतं. राखणीला बसायचं, एवढंच. पण गच्चीवर साळुंक्या येतात आणि मिरच्या आरामात टोचून खातात. पाखरांना मिरचीतला जाळ जाणवतच नाही, निसर्गानं त्यांना ती सोय करून दिलीय, बिया लांब पडाव्यात म्हणून. आपण ठसक्यानं मरायचं आणि साळुंकीनं पुढच्या मिरचीला चोच लावायची. हुसकावलं तर ती पाण्याच्या टाकीवर बसून आपल्याकडं अशी बघते, की राखण नक्की कोण करतंय असा प्रश्न पडावा. त्यात चारच्या सुमाराला पन्हाळ्याच्या बाजूनं आभाळ काळं होतं. वळवाचा पहिला थेंब पडायच्या आत अख्ख्या गल्लीतल्या बायका आपापल्या गच्चीवर पोचलेल्या असतात. एरवी गुडघे दुखतात म्हणून लिफ्ट असलेल्या फ्लॅटची मागणी करणाऱ्या आमच्या शेजारच्या काकी त्या दिवशी दोन दोन पायऱ्या गाळत वर जाताना मी पाहिल्या आहेत.

मग देठं काढणं. हाताला आधी तेल चोळायचं, कारण मिरचीतला तो जहाल पदार्थ तेलात विरघळतो, पाण्यात नाही. काम झाल्यावर नुसत्या पाण्यानं हात धुतले तर आग जात नाही, फक्त जागा बदलते. हे शास्त्र आईला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं, पण तेलाची वाटी तिनं मिरच्यांच्या आधी मांडलेली असते. देठं काढताना डोळ्याला, नाकाला, कानाला, कशालाच खाज सुटत नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय.

मसाला भाजायचा दिवस मात्र सगळ्या गल्लीचा असतो. धणे वेगळे, तीळ वेगळे, खोबरं वेगळं, लवंग-दालचिनी-दगडफूल-चक्रीफूल थोड्या थोड्या तेलावर आणि कांदा लालभडक होईपर्यंत. सगळं एकदम कढईत ढकललं तर काय होईल, असं मी विचारलं होतं. राज्यमंत्र्यांनी नुसतं बघितलं. शेवटी मिरच्या तेलावर परतायला घेतल्या की एक्झॉस्ट फॅन हात टेकतो. खिडक्या उघडाव्यात तर शेजारी खोकतात, बंद कराव्यात तर आपण. पार्सल घेऊन आलेल्या पोराला बेल वाजवायच्या आतच ठसका लागला. "ओटीपी सांगा" हे दोन शब्द त्यानं तीन हप्त्यांत म्हटले.

आता हे सगळं भरलेला डबा डंखावर, म्हणजे मिरची-मसाला कुटायच्या यंत्रावर, न्यायचा कशातून, यावर बैठक. डबा म्हणजे तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा. कारला बायकोनं नकाराधिकार वापरला, दिवाळीपर्यंत सीटना वास येतो म्हणून. आईची नजर माझ्या गिअरच्या सायकलकडं गेली. ही सायकल मी पहाटे रंकाळ्याला फेऱ्या मारायला आणि कधीमधी मित्रांबरोबर पन्हाळा चढायला घेतलीय. चढताना जळालेल्या कॅलरी उतरल्यावर मिसळीत परत मिळतात, त्यामुळे नुकसान काही नाही.

"हिच्यावर बांध की," आई म्हणाली.

"हिला कॅरेज नसतं, आई."

"एवढी म्हागाची आणि कॅरेज दिलं न्हाई?" तिनं सायकलीला एक चक्कर मारली. "स्टँडबी न्हाई. मडगार्डबी न्हाई. तुझ्या आज्ज्याच्या सायकलीवरनं दळण, गवताचा भारा आणि तू, तिघंबी यायचा. दुकानदारानं तुला बघूनच दिली असणार ही."

शेवटी स्कूटर. डबा दोन पायांच्या मधे, गुडघे बाहेर, चपला हवेत. एरवी मी बाहेर पडताना कुणी शिंकलं तर आई मला परत बोलावून घोटभर पाणी पाजते. त्या दिवशी अख्खं घर शिंकत होतं. तो नियम चटणीच्या हंगामापुरता स्थगित असतो.

आमच्या गल्लीच्या तोंडालाच एक डंख आहे. तिथं जायचं नाही. आईचा डंख उत्तरेश्वर पेठेत, म्हणजे राजारामपुरीतून निघून बिंदू चौक, पापाची तिकटी, गंगावेश असं अख्खं गाव ओलांडायचं. का? तर तिथल्या मुसळाला वजन आहे. मी दोन्हीकडची मुसळं बघितली आहेत. मला ती सारखीच वाटली. पण मत विचारलं नव्हतं.

डंखावर माणसांची रांग नसते, डब्यांची असते. माणसं सावलीला. डबा एक पाऊल पुढं सरकला की कुणाचा तरी हात येऊन बाकीचे सरकवतो. मी माझा डबा ठेवला तर एक मावशी म्हणाल्या, "दादा, मी सकाळी सातला आलोय, त्या निळ्या पिशवीच्या मागं लावा." निळी पिशवी कुणाची होती ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण तिचा नंबर कुणी मोडला नाही.

तिथं प्रत्येकजण दुसऱ्याच्या डब्यात बघतो आणि बघत नसल्यासारखं दाखवतो. "खोबरं जरा जास्त वाटतंय न्हवं?" असं एक वाक्य हवेत सोडायचं आणि कोण उत्तर देतंय ते पाहायचं. आपल्या आधीच्या घाण्यात कुणाचं काय कुटलं, हाही गंभीर विषय. उखळात थोडंफार राहतंच. दुसऱ्याच्या घरची चव आपल्या चटणीत वर्षभर राहणार, म्हणून आईनं मला बजावून पाठवलं होतं, "आधीच्या डब्याला वास कसला हाय बघ. हिंग जास्त असला तर एक नंबर मागं थांब." मी वास घ्यायला वाकलो आणि पुढची पाच मिनिटं मला कशाचाच वास आला नाही.

डंखवाले मामा तोंडाला टॉवेल बांधून त्या लाल धुरळ्यात उभे. पापण्यांपर्यंत लाल. लोखंडी मुसळं एकाआड एक उठतात, आपटतात, आणि मामा त्या दोन आपटण्यांच्या मधे हातातल्या पळीनं मिरची खाली ढकलतात. आत ठसका लागून सगळे बाहेर पळतात, हा माणूस चहा पितो. मिरची कुटून झाली की चाळायची, मग मसाला, मग कांदा-लसूण आणि खडं मीठ घालून परत कुटायचं. आमचा घाणा निघाला तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि माझा पांढरा शर्ट आठवणीत राहिला होता.

गंगावेशीत आलो तर रस्ता भरलेला. दुसऱ्या दिवशी चैत्र पौर्णिमा, जोतिबाची यात्रा. पंचगंगेच्या घाटाकडं निघालेले ट्रॅक्टर, उंच सासनकाठ्या, हलगी, पिपाणी, आणि मधून आमची स्कूटर. मला नखशिखांत लाल बघून एका जथ्यानं "चांगभलं!" म्हणत कपाळाला गुलाल लावला. वर कुणीतरी खोबऱ्याचा तुकडाही हातात दिला. मी गाडी बाजूला घेऊन दूध कट्ट्यावर गेलो. समोर म्हैस पिळून फेसाळ दूध ग्लासात देतात, ते. पाण्यानं न विझणारा घसा दुधानं विझतो, कारण दुधातलं केसिन मिरचीचा जाळ पकडून धुऊन नेतं. एका ग्लासात माझा घसा माणसात आला. म्हैस मात्र माझ्या शर्टाकडं बघून दोन पावलं मागं सरकली.

पुढच्या गतिरोधकावर डब्याचं झाकण उडालं. उडालं म्हणजे बोटभरच, पण तेवढ्यानं मागचे तीन दुचाकीस्वार, एक रिक्षा आणि "महालक्ष्मी मंदिर किधर है?" विचारायला काच खाली केलेली एक पाहुण्यांची गाडी, असं सगळं एका सुरात शिंकलं. शिंकत शिंकतच मी त्यांना "सीधा जाओ, किसीको भी पूछो" हे सांगितलं. कोल्हापुरात पत्ता असाच सांगतात.

चौकात हवालदारांनी शिट्टी मारली.

"डब्यात काय हाय?"

"चटणी."

"उघडा."

"साहेब, नका."

त्यांनी उघडलं, वाकले, आणि मग बराच वेळ वाहतूक स्वतःच्या जबाबदारीवर चालली. डोळे पुसून झाल्यावर मला वाटलं आता लायसन्स मागणार. ते परत वाकले. या वेळी बेतानं.

"नाद खुळा वास हाय. संकेश्वरी किती घातलीसा?"

"मला माहीत नाही."

"घरची चटणी आणि माहीत न्हाई?" आता मात्र त्यांना खरोखर संशय आला. डबा माझाच आहे, हे सिद्ध करायला मी आईला फोन लावून स्पीकरवर टाकला. सगळं ऐकून आई म्हणाली, "दंड असंल तर भर. प्रमाण मिळायचं न्हाई."

हवालदारांनी फोनला नमस्कार केला आणि मला जाऊ दिलं.

घरी आईनं चमच्याच्या टोकावर घेऊन चटणी चाखली. आम्ही सगळे उभे. आण्णासुद्धा.

"बरी झालीया," ती म्हणाली. आमच्या घरात याच्या वरचा शेरा नाही. "पण पुण्याला धाडायची न्हाई ही. जावईबापूंना सोसत न्हाई. त्यांच्यासाठी ब्याडगी वाढवून उद्या एक घाणा काढून आण."

"उद्या यात्रा आहे, आई. रस्ते बंद असणार."

"मग पाचला ऊठ. सायकल काढून रंकाळ्याला जातोस तवा उठतोस की." तिनं बरणीचं झाकण लावलं. "आणि त्यो हवालदार भेटला तर त्याला सांग, मीठ खडंच घालायचं म्हणावं. एवढं सांगितलं तर चालंल."