बँडवाला पण जवानच असतो भो

२६ जानेवारी झाली की तीन दिवसांनी आमच्या ग्रुपवर ठरलेलं भांडण सुरू होतं. दिल्लीच्या विजय चौकातलं बीटिंग रिट्रीट, म्हणजे फौजी बँडचा कार्यक्रम, टीव्हीवर लागतं आणि एक जण म्हणतो 'अबाइड विथ मी' काढायला नको होतं, गांधीजींना आवडायचं ते, की लगेच दुसरा म्हणतो बरं झालं काढलं, इंग्रजांचं भजन आपल्या फौजेने कशाला वाजवायचं. २०२२ ला ते काढून 'ऐ मेरे वतन के लोगो' घेतलं तेव्हापासून हे चालू आहे, अजून कोणी थकलेलं नाही. धून कुठली यावर एवढं बोलतो आपण, पण ती वाजवणारा माणूस कोण, फौजेत त्याचं काम काय, तो कुठून भरती होतो, यावर आजपर्यंत एक मेसेज पडलेला नाही. जणू तिथे स्पीकरच ठेवलाय कोणी.

आणि धुनेचं भांडण तसं पोकळच आहे. तो मोठा ढोल आणि त्या झांजा युरोपच्या फौजांनी तुर्कांच्या 'मेहतेर' नावाच्या फौजी बँडकडून उचलल्या, मग इंग्रजांबरोबर त्या आपल्याकडे आल्या. बॅगपाइप स्कॉटलंडचा, पण आज तो गढवाली, गोरखा आणि शीख पोरं गाल फुगवून असा वाजवतात की वाटतं यांच्या आजोबांनीच बनवला असेल. शेवटी बँड परत जाताना 'सारे जहाँ से अच्छा' वाजतं ना, त्याचे शब्द इकबालचे १९०४ चे, चाल पंडित रविशंकरांनी १९४५ ला दिलेली, आणि फौजेच्या चालीत ते बसवलं लोबो नावाच्या गोव्याकडच्या आडनावाच्या मास्तरांनी. 'कदम कदम बढाये जा' ची चाल कॅप्टन रामसिंग ठाकुरींची, गोरखा माणूस, आधी इंग्रजांच्या फौजेत, मग युद्धकैदी, मग आझाद हिंद सेनेत. नेताजींनी त्यांना व्हायोलिन दिलं होतं. आणि स्वातंत्र्यानंतर हा माणूस यूपीच्या पीएसीचा, म्हणजे तिथल्या सशस्त्र पोलिसांचा, बँड सांभाळत राहिला. तर यातलं शुद्ध देशी काय आणि परकं काय, हे तुम्हीच वेगळं करून दाखवा, मी वाट बघतो.

मला त्या कार्यक्रमात सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू, तर शेवटी मुख्य बँडमास्तर चालत राष्ट्रपतींसमोर जातो, सॅल्यूट करतो आणि बँड परत नेण्याची परवानगी मागतो. रणगाडे नाहीत, विमानं नाहीत, एवढ्या मोठ्या चौकात एक वाजवणारा माणूस सेनेच्या सरसेनापतीला विचारतोय की आम्ही जाऊ का. रिट्रीट म्हणजे मुळात तेच होतं, सूर्य मावळला की ढोल-बिगुल वाजायचे, लढाई थांबायची, माणसं छावणीत परत यायची. ढोल हा तेव्हाचा वायरलेस समजा. पुढे जा, मागे फिरा, थांबा, सगळे हुकूम धुरळ्यात आणि आरडाओरड्यात फक्त त्यातूनच पोचायचे. आज मोबाईलच्या जमान्यात त्याचं काम संपलं असं वाटेल, पण परेडमध्ये मिनिटाला १२० पावलं एकसारखी पडतात ती कोणाच्या जीवावर? शेकडो पोरांचे पाय एका ढोलावर चालतात. ढोल अर्धा क्षण चुकला तर मागची सगळी रांग डगमगते, मग खाली कितीही चकचकीत बूट असो.

आणि हे फार थोड्यांना माहिती आहे, युद्ध लागलं की बँडवाले वाद्यं बाजूला ठेवतात आणि स्ट्रेचर उचलतात. जखमींना गोळीबारातून मागे आणणं, प्रथमोपचार करणं, त्याचं ट्रेनिंग त्यांना असतं. म्हणजे सकाळी क्लॅरनेट आणि वेळ आली तर रक्तात हात. त्याला 'अरे हा नुसता बँडमधला आहे' म्हणणाऱ्याला काय म्हणावं? (भरतीच्या गप्पांमध्ये हे वाक्य मी स्वतःच्या कानाने ऐकलंय, आणि बोलणारा स्वतः कधी साधा एनसीसीत पण नव्हता.)

आपल्या खान्देशात फौजेचं संगीत प्रत्यक्ष ऐकायला मिळतं ते बहुतेक वेळा वाईट दिवशी. चाळीसगाव, पारोळा, साक्री, शिंदखेडा, कुठल्या ना कुठल्या गावातलं पोरगं तिरंग्यात येतं, अख्खा तालुका रस्त्यावर असतो, घोषणा चालू असतात, आणि मग सलामीच्या फैरी होतात आणि बिगुलर लास्ट पोस्ट, म्हणजे शेवटच्या निरोपाची धून, वाजवतो. एकटा माणूस, एक पितळेचा बिगुल, त्याला बटणं नाहीत की काही नाही, फक्त ओठ आणि श्वास यांच्यावर चार-पाच सूर काढायचे. हजारो लोकं चिडीचूप. ते पेनड्राइव्हवर लावलं असतं तर गर्दी गप्प झाली असती का? मला नाही वाटत.

आता आपल्या गल्लीत या. लग्नाच्या बँडचा ड्रेस कधी नीट बघितला का? खांद्यावर झालर, छातीवर सोनेरी दोऱ्या, पुढे टोक असलेली टोपी, हा सगळा थाट फौजी बँडवरूनच उतरलाय. वाद्यं मेरठची, तिथल्या जली कोठी भागात पिढ्यानपिढ्या ट्रंपेट आणि बिगुल बनतात. आणि खान्देश म्हणजे बँडवेडा मुलूख, काही घरांत तर मंगल कार्यालयाच्या आधी बँडची सुपारी दिली जाते, कानबाईच्या मिरवणुकीत बँड नसेल तर बायका पाय उचलत नाहीत. पण त्याच वाजवणाऱ्याला पंगतीत सगळ्यात शेवटी बसवतो आपण. वरातीत पिऊन आलेला नवरदेवाचा मित्र त्याच्या अंगावर नोटा फेकतो आणि त्याने हसत उचलायच्या. आणि आता तर गाडीवर भिंतीएवढे स्पीकर आले, क्लॅरनेटवाला खाली कोपऱ्यात उभा, त्याचा आवाज त्यालाच येत नाही. एका जुन्या मास्तरांना विचारलं तर म्हणाले, "आते कोन वाजाडस भो, डीजे शे ना." त्यांचा नातू दहावी झालाय, ट्रंपेट असा वाजवतो की ऐकत राहावं, आणि सध्या एका गोडाऊनमध्ये माल उतरवतो.

माझी खरी तिडीक इथे आहे. पहाटे चारला उठून रस्त्याने पळणारी पोरं आपल्याकडे गावोगाव आहेत, प्रत्येक तालुक्याला भरतीची अकॅडमी आहे, १६०० मीटर किती मिनिटांत हे शेंबड्या पोराला पण पाठ आहे. पण एअरफोर्समध्ये अग्निवीरवायू म्युझिशियन अशी वेगळी भरती निघते, नेव्हीत पण म्युझिशियन घेतात, हे अकॅडमीवाल्या मास्तरांनाच माहीत नसतं. दहावी पास पाहिजे, वाद्य वाजवता आलं पाहिजे. फौजेच्या बँडवाल्यांचं ट्रेनिंग होतं पचमढीला, म्हणजे भुसावळहून इटारसीमार्गे जबलपूरकडची गाडी धरा, पिपरियाला उतरा आणि वर चढा. नेव्हीची म्युझिक स्कूल तर मुंबईत कुलाब्याला, आयएनएस कुंजाली या नेव्हीच्या तळावर. इतकं जवळ असून आपल्याकडून कोणी गेल्याचं ऐकिवात नाही. अग्निवीर म्हणजे चार वर्षं आणि त्यातून २५ टक्केच पुढे कायम होतात, हे मलाही पटत नाही, त्यावर वेगळी पोस्ट लिहीन, पण गोडाऊनपेक्षा तर बरंच ना.

अडचण एकच आहे आणि ती मोठी आहे. आपली पोरं कानाने वाजवतात. गाणं एकदा ऐकलं की संध्याकाळी वरातीत तयार, ही कला कुठल्या शाळेत शिकवता येत नाही. पण भरतीत नोटेशन विचारतात, स्टाफ नोटेशन चालतं, आपलं हिंदुस्थानी सरगम लिहिलेलं पण चालतं, वाद्य सुरात लावून दाखवावं लागतं. हे सगळं शिकायला काही वर्षं लागत नाहीत, ज्याच्या बोटात ऑलरेडी सूर आहे त्याला चार-सहा महिन्यांत जमेल असं मला वाटतं. पण शिकवायचं कोणी? गायनाच्या क्लासमध्ये पेटी-तबला आहे, ट्रंपेटकडे कोणी बघत नाही.

तर जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कोणी फौजेच्या किंवा पोलिसांच्या बँडमधून रिटायर झालेले काका असतील, नोटेशन शिकवायला तयार असतील, तर कमेंटमध्ये फक्त गाव टाका, नंबर टाकू नका, मी इनबॉक्सला बोलतो. फी द्यायला आम्ही काही जण तयार आहोत. मास्तरांच्या नातवाला पहिला पाठवतो, रविवारी त्याला सुट्टी असते.