चार महिने कमी पडले

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत, २० नोव्हेंबरला, मतदान केंद्राच्या दारातून मला परत पाठवलं. कारण खिशात मोबाइल. ‘आत चालत नाही. बाहेर कुठंतरी ठेवून या,’ हवालदार म्हणाला. ‘कुठंतरी’ म्हणजे कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्याच्या गोणपाटाखाली, फोनमागे वीस रुपये. फोन ठेवून पुन्हा रांगेत येतो तर आठवलं, यादीतला माझा अनुक्रमांक फोनमध्येच आहे! मग एका पक्षाच्या टेबलावर जाऊन चिठ्ठी लिहून घेतली. कोणत्या पक्षाच्या ते विचारू नका. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी पाहिलंय, तेवढी बदनामी पुरे.

या भानगडीत पुढे चाळीस माणसं वाढली. त्यातले शेवटचे अण्णा. पांढरी टोपी, काठी, आणि दोन्ही गुडघे बदललेले.

मी म्हटलं, “आजोबा, ज्येष्ठांना थेट आत सोडतात.”

“मी ज्येष्ठ नाही,” अण्णा म्हणाले.

“अहो, पण...”

“चौऱ्याऐंशी वर्षं आठ महिने. घरून मत द्यायला ८५ पूर्ण लागतात. आधी ८० ला मिळायचं. यंदा मार्चमध्ये ८५ केलं. म्हणजे मी पोहोचलो आणि यांनी फाटक पुढे सरकवलं! चार महिने कमी पडले.”

“अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलं तरी चालतं ना?”

“४० टक्के लागतं. डॉक्टर म्हणाला, गुडघे नवेकोरे आहेत, टक्के कुठून देऊ? आणि माझा थोरला भाऊ ८८ चा. रोज पर्वती चढतो, रोज! त्यानं घरून मतदानाचा तो १२ ड नमुना भरला, तर आठ दिवसांपूर्वी सगळी पलटण त्याच्या घरी. अधिकारी, पोलीस, व्हिडिओवाला. पुठ्ठ्याचा आडोसा करून दिवाणखान्यात मतदान. वर मला फोन करून विचारतो, ‘तुझं कधी?’ म्हणून मी ठरवलं. घरी मत द्यायला म्हातारा नाही ना? मग इथेही नाही. एकदा काय ते ठरवा.”

एवढ्यात हवालदार हात जोडत आला. “बाबा, चला ना पुढं.”

“लेखी द्या.”

“काय?”

“मी म्हातारा आहे असं.”

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. जणू अण्णांना मीच घरून घेऊन आलो होतो.

वेळ जावा म्हणून मी अण्णांना अमेरिकेत एडिसन गावी राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचं सांगितलं. ती तिकडची नागरिक आहे. तिकडे न्यू जर्सीत २६ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर मतदान केंद्रं उघडी होती. ५ नोव्हेंबरच्या मुख्य मतदानाची वाट न बघता ही बया एका शनिवारी भाजी आणायला जाताना मत देऊन आली. त्या वेळी आमच्याकडे दिवाळीचा फराळ चालला होता, आणि तिनं छातीवरच्या ‘मी मत दिलं’ स्टिकरचा फोटो पाठवला.

अण्णा गंभीर झाले. “आपल्याकडे नको. शनिवारी मत दिलं आणि मंगळवारी त्यानं पक्ष बदलला तर?”

“निवडून आल्यावरही बदलतातच की.”

“हो, पण तेव्हा आपण निदान ताजे फसतो.”

हसलो खरा, पण पाय भरून आले होते. त्या वेळी एका केंद्रावर १५०० पर्यंत मतदार होते, वेळ सकाळी सात ते संध्याकाळी सहा. सगळे आले असते तर मिनिटाला दोनाहून जास्त माणसं उरकावी लागली असती. म्हणजे सगळे येणार नाहीत या भरवशावरच हा कारभार उभा होता. आणि उद्या हेच लोक ‘शहरी मतदार उदासीन’ म्हणून कपाळाला हात लावणार. उदासीन माणूस दीड तास उन्हात उभा राहतो का हो? सावलीसाठी मंडप होता, पण तो संपतो तिथूनच आमची रांग सुरू होत होती. बसायला एकच बाक, तोही दुसरीच्या पोरांच्या मापाचा. त्यावर एक तरुण हवालदाराची नजर चुकवून आणलेला मोबाइल बघत बसला होता. त्याला कुणी परत पाठवलं नाही.

अण्णांचा नंबर आला. बाहेर येताना बोट नाचवत म्हणाले, “पुढच्या विधानसभेला मी ८९. बघा तुम्ही, तोवर ९० करतील.”

मी मत दिलं आणि शहाळेवाल्याकडे गेलो.

“कोणता?”

“काळा.”

त्यानं गोणपाट उचललं. खाली तीसेक फोन, बहुतेक काळेच.

“रिंग देऊन बघा की साहेब,” तो म्हणाला.