फिनिशिंग नाही म्हणे!

सव्वाआठ वाजलेत. बायको म्हणतेय, रागात काही लिहू नकोस, आधी जेवून घे. दहा मिनिटं थांबून बघितलं. राग काही गेला नाही. लिहितोच.

संध्याकाळी घरी आलो तर लेक सोफ्यावर पालथी पडलेली, बूटसुद्धा काढले नव्हते. शेजारी तिचा तारा. शाळेत नाताळनिमित्त ‘स्वतःच्या हातांनी बनवा’ अशी स्पर्धा होती. चौथीच्या मुलांनी तारा बनवायचा, ख्रिसमस ट्री बनवायचं किंवा भेटवस्तू वेगळ्या तऱ्हेने बांधून आणायची. आमच्या बाईसाहेबांनी तारा घेतला. गेले दोन रविवार आम्ही दोघं हॉलभर पसारा मांडून बसलो होतो. कामट्या, पतंगी कागद, दोरा, खळ. कामट्या तिने मोजल्या, गाठी तिने मारल्या, कागद तिने चिकटवला. कापताना फक्त सुरी माझ्या हातात होती.

ताऱ्याला एक चिठ्ठी टाचलेली. ‘गुड एफर्ट. फिनिशिंग नाही.’

पहिलं बक्षीस ज्या ताऱ्याला मिळालं त्याचा फोटो पालकांच्या ग्रुपवर आला. फोमचा तारा, कडेने चकचकीत पट्टी, आत बॅटरीचे दिवे. हाच तारा मी गेला आठवडाभर स्टेशनबाहेरच्या दुकानात टांगलेला बघतोय. साडेतीनशे रुपये. लेक सांगते, मागे किमतीच्या स्टिकरचा अर्धा तुकडा तसाच होता. पूर्ण निघाला नसणार. म्हणजे फिनिशिंग त्यालाही नव्हतं!

बक्षीस मिळालेल्या मुलीवर माझा राग नाही. ती नऊ वर्षांची आहे, आईबापांनी हातात दिलं ते ती घेऊन गेली. राग त्या आईबापांवर आहे. आणि ‘स्वतःच्या हातांनी’ असं फळ्यावर लिहून दुकानातला माल पहिला काढणाऱ्यांवर तर जास्तच. मुलांना नेमकं काय शिकवलंत? की खळ, दोरा, रविवार वगैरे सगळं बावळटांचं काम, शहाण्याने खिशात हात घालावा.

मी तिच्याएवढा होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. काही जणांना तोंडपाठ असेल, तरी ऐका.

वसईला आम्ही एका वाडीत भाड्याने राहायचो. घरमालक कॅथलिक. मालकीणबाईंना आम्ही सगळी पोरं मावशी म्हणायचो. मावशी नाताळचा तारा घरीच करायची. बुरुडाकडून बांबूच्या कामट्या आणायच्या. पाच कामट्यांचा एक तारा, असे दोन. दोन्ही एकमेकांवर ठेवून पाची टोकं दोऱ्याने करकचून बांधायची. मग आतल्या पाच कोपऱ्यांत बोटभर लांबीच्या काड्या आडव्या ठोसायच्या, की तारा पोट फुगवून उभा राहतो आणि आत बल्बला जागा होते. दिवाळीचा कंदील ज्याने घरी केलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. कागद तोच पतंगी, खळ तीच मैद्याची, चिमूटभर मोरचूद घातलेली, म्हणजे झुरळं खात नाहीत. आत झीरोचा बल्ब.

१९८८ च्या डिसेंबरात मावशी मला म्हणाली, उरलेली कामटी तू मोज, तीन वितींची. नऊ कामट्यांवर तिने आधीच कोळशाने खुणा केल्या होत्या. दहावी मी मोजली, माझ्या वितीने.

बांधायला घेतल्यावर पुढच्या ताऱ्याची दोन टोकं एकमेकांकडे ओढली गेली, मागच्या टोकांशी जुळेनात. मला रडू फुटायच्या बेतात. मावशीने कामटी बघितली, माझा हात बघितला आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. नवी कामटी नाही घेतली. मागची टोकं वाकवून पुढच्यांना बांधून टाकली. तारा एक खांदा चढवून उभा राहिल्यासारखा दिसायला लागला. तसाच त्याला लाल-पांढरा कागद लावला आणि तसाच ओट्यावर टांगला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, ‘हा ह्याने मोजलाय.’ पुढे आम्ही वसई सोडेपर्यंत तोच सांगाडा. दरवर्षी जुना कागद सोलायचा, नवा लावायचा. खांदा चढलेलाच.

फिनिशिंग!

(जेवून आलो. भरली वांगी होती. राग थोडा उतरलाय, पण विषय संपलेला नाही.)

मध्ये कुठेतरी वाचलेलं आठवलं. युरोपात नाताळला टोकाटोकांचा तो कागदी तारा लावतात ना, हर्नहूटचा तारा म्हणतात तो, तो आला कुठून? जर्मनीतल्या नीस्की गावी मोरेव्हियन पंथाची शाळा होती. तिथे १८३० च्या दशकात मुलांना भूमिती समजावी म्हणून कागद मोजून, दुमडून, चिकटवून तारे करायला लावायचे. म्हणजे मूळ गोष्टच शाळेतली! कोन चुकला की टोक बसत नाही, आणि टोक बसत नाही म्हणून कोन कळतो. माझ्या लेकीला पाच कामट्यांत आत आपोआप पंचकोन तयार होतो हे परवा स्वतःहून दिसलं. ‘बाबा, मधे घर झालं,’ म्हणाली. साडेतीनशे रुपयांत मिळतं का हे?

आणि मूळ नाताळ तरी काय? गोठा, गवत, बैल, गाढव. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने पहिल्यांदा गव्हाणीचा देखावा मांडला तेव्हा खरंखुरं गवत आणि खरेखुरे बैल-गाढवच आणले होते. वसईला मावशीचा गोठा असाच, घरात असेल त्यातून. पेंढा गोठ्यातला, डोंगर सिमेंटच्या पिशवीच्या खाकी कागदाचे, चुरगाळून पुन्हा उघडलेले. शेत हवं म्हणून दहा-बारा दिवस आधी डालडाच्या कापलेल्या डब्यांत नाचणी आणि गहू पेरायचे. आई म्हणायची, आपले नवरात्रात घट बसतात, ह्यांचे नाताळात. रोज पाणी घालायचं काम माझं. वसईत अजून पोरं रात्र-रात्र जागून गोठे करतात. तिथेही आता थर्माकोल आणि यंत्रावर फिरणारे देखावे शिरलेत. असो.

खाण्याचं तर विचारूच नका. २० तारखेपासून मावशीच्या ओट्यावर बैठक बसायची. कुलकुल करायला पोरं लागायचीच. मैद्याची सुपारीएवढी गोळी घ्यायची, कंगव्याच्या दातांवर अंगठ्याने दाबत पसरायची आणि गुंडाळत आणायची की शंखासारखी रेघारेघांची वळकटी होते. मग तळायची आणि साखरेच्या पाकात घोळवायची. काटा-चमच्याच्या काट्यावरही करतात, पण मावशी दर नाताळला ह्या कामासाठी नवाकोरा कंगवा आणायची. नाताळ झाला की तोच घरात डोक्याला. तिच्या नवऱ्याला वर्षातून एकदाच नवा कंगवा मिळायचा तो असा.

आणि फुगे! नारळाच्या दुधात, अंड्यात भिजवलेला मैदा, पूर्वी ताडी घालून फुगवायचे. ते पातळसर पीठ डाव्या मुठीत घेऊन अंगठा आणि बोटाच्या फटीतून दाबायचं, वर फुगा आला की तेलात सोडायचा. मला कधी जमला नाही. माझे सगळे शेपटीवाले व्हायचे. मावशी ते वेगळ्या बशीत काढायची आणि म्हणायची, ‘हे उंदीर तुझे.’

आमची आजी अंडं खायची नाही. म्हणून मावशी नव्या तेलात पहिला घाणा बिनअंड्याचा काढायची, कुलकुल आणि रवा-खोबऱ्याच्या करंज्या. तो बाजूला, मग बाकीचं. कुणी सांगितलं नव्हतं तिला. आजीनेही कधी विचारलं नाही. ताट आलं की सरळ खायची.

ते ताट! पितळी, वर मावशीने क्रोशाने विणलेला पांढरा रुमाल. २५ ला सकाळी तो रुमाल दिसला की आम्ही उड्या मारायचो. आईने ते ताट कधी लगेच परत केलं नाही. रिकामं कसं द्यायचं? संक्रांतीपर्यंत आमच्याकडेच. मग तिळगूळ आणि गुळाच्या पोळ्या भरून, तोच रुमाल धुऊन, इस्त्री करून, वर टाकून जायचं.

ह्यापेक्षा चांगलं गिफ्ट रॅपिंग मला दाखवा. चमचम लावलेले कागद आणतात आजकाल, एका मिनिटात टराटरा फाडतात, आणि त्यातले अर्धे धड कागदही नसतात. मुठीत चुरगाळून बघा. मूठ उघडल्यावर परत फुलून वर आला तर त्यावर प्लास्टिक आहे. तो रद्दीवालाही घेत नाही.

मावशी वाडीतल्या आम्हा दहा-बारा पोरांना काहीतरी द्यायची. पेन्सिल, खोडरबर, चार कुलकुल. बांधायची जुन्या कॅलेंडरच्या पानात, मागची कोरी बाजू बाहेर. वर दोरीऐवजी केळीच्या खोडाचं सोपट, पाण्यात भिजवून मऊ केलेलं. वसईत केळीला काय तोटा? सुकेळीसुद्धा केळीच्याच सुक्या पानात बांधून मिळायची, त्यालाही सोपटाचाच बंद. पण गंमत पुढे आहे. पुडी उघडली की आत महिना निघायचा. माझ्या पुडीत ऑगस्ट. बहिणीच्या पुडीत मार्च. शेजारच्या बाळूच्या पुडीत नेहमी ऑक्टोबर. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी डोक्यात प्रकाश पडला, प्रत्येकाला आपापल्या जन्माचा महिना! मावशीला तारखा माहीत नव्हत्या. ‘तू गणपतीच्या आधीचा, ही शिमग्यातली,’ एवढ्यावर पानं लावायची. म्हणजे बाई वर्षभर कॅलेंडरची पानं फाडून, वळकटी करून कपाटावर ठेवत होती. एक पैसा खर्च नाही.

आता तुम्ही म्हणाल, सगळ्यांना कुठे वेळ असतो. दोघं नोकरी करतात, लोकलने साताला घरी पोचतात, कामट्या कुठून तासत बसणार. बरं, मान्य. आणि माहीमच्या कंदील गल्लीतला माणूसही हातानेच करतो, त्याचं पोट त्यावर आहे, हेही मान्य. त्याच्याकडून घ्या, टांगा, कोण नको म्हणतंय. फक्त ‘मी केला’ म्हणून शाळेत पाठवू नका.

इथे बायको पाठीमागून वाचतेय आणि विचारतेय, दिवाळीला आपल्या गॅलरीत काय होतं ते लिहिणार आहेस का? लिहितो बाई. दिवाळीला मी मोबाइलवरून कंदील मागवला. दहा मिनिटांत दारात. घडीचा, प्लास्टिकचा. धनत्रयोदशीला संध्याकाळी सात वाजता. लेक तेव्हा म्हणाली होती, ‘आपण करणार होतो ना?’ मी म्हणालो होतो, पुढच्या वर्षी. म्हणूनच ह्या ताऱ्यासाठी दोन रविवार काढले, हेही खरं.

आणि आणखी एक कबूल करायचं राहिलंय. तिच्या ताऱ्याच्या कागदाला सुरकुत्या आहेत, दोन पाकळ्या तर चक्क सैल पडल्यात. कारण खळ पातळ झाली होती. खळ मी केली होती. मोबाइल बघत ढवळत होतो, मैदा कमी पडला, वर पाणी जास्त. लेक म्हणाली होती, ‘बाबा, ही दुधासारखी झालीय.’ मी म्हणालो, सुकल्यावर होईल नीट. तर फिनिशिंगचा शेरा खरं म्हणजे मला आहे. तिला सांगितलं मघाशी. तिने मान वर करून विचारलं, ‘मग तू जाऊन सांगशील का टीचरना?’ सांगणार आहे. उद्या शाळेत जाऊन खळीबद्दल सांगणार आहे, आणि त्या स्टिकरबद्दलही. बायको म्हणते, स्टिकरबद्दल नको. बघू.

लिहिता लिहिता मावशीला फोन केला. ऐंशी पार केलीत तिने, कानाला जरा कमी येतं, मोठ्याने बोलावं लागतं. सगळी कथा सांगितली. मला वाटलं, चिडेल.

‘बक्षीस काय होतं?’ तिने विचारलं.

‘पेन स्टँड.’

‘प्लास्टिकचा?’

‘हो.’

‘मग बरं झालं.’

मग मी विचारलं, मावशी, तारा लावला का? तर म्हणाली, ‘लावला ना. दिव्यांचा आणलाय तयार, नातवाने. आता गाठी कोण मारणार, हात थरथरतात माझे. छान दिसतोय रे, रंग बदलतो.’ एवढा वेळ मी तिच्या नावाने इथे भांडतोय आणि बाई रंग बदलणाऱ्या ताऱ्यावर खूश! मी काही बोललोच नाही. मग तीच म्हणाली, सांगाडा माळ्यावर असेल, एक खांदा चढलेला. उंदरांनी ठेवला असला तर.

परवा रविवारी लेकीला घेऊन वसईला जातोय. कुलकुल करायला पोरं नाहीत म्हणाली, नातवंडं कॉलेजात गेली. लेकीने आत्ताच सैल पडलेल्या दोन पाकळ्यांचा कागद सोलून काढलाय आणि घट्ट खळीची वाट बघत स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. मैदा आहे. मोरचूद नाही, चालेल.

कंगवा मात्र नवाच आणायचाय, मावशीने दोनदा बजावलंय. खालचं दुकान दहाला बंद होतं. कमेंट नंतर बघतो.