राजीनामा दिल्लीला, उत्तर कुणालाच नाही

७ फेब्रुवारी २०२३ हा बाळासाहेब थोरातांचा सत्तरी पूर्ण झाल्याचा वाढदिवस. त्या दिवशी संगमनेरात फ्लेक्स लागले होते, हार तयार होते, आणि टीव्हीवर बातमी आली की साहेबांनी काँग्रेस विधिमंडळ पक्षनेतेपदाचा राजीनामा दिलाय. राजीनाम्याचं पत्र मल्लिकार्जुन खर्गेंना गेलं होतं. त्यात म्हणे नाना पटोलेंसोबत काम करणं आता अशक्य आहे असं लिहिलेलं. पटोलेंना विचारलं तर ते म्हणाले, माझ्यापर्यंत असं कुठलंही पत्र आलेलं नाही. प्रदेशाध्यक्ष मुंबईत, पक्षनेताही मुंबईत, दोघांचं भांडण एकमेकांशी, पण पत्र दिल्लीला.

त्या वेळी सगळ्यांनी या प्रकरणाचं एका वाक्यात लोणचं घातलं. कुणी म्हणालं मामाला, म्हणजे थोरातांना, भाच्याचा, सत्यजित तांब्यांचा, पुळका आला, कुणी म्हणालं नानांची हुकूमशाही, कुणी म्हणालं यात भाजपचाच डाव आहे. या तिन्हींत थोडंफार तथ्य असेलही. पण मी नगर जिल्ह्यातला माणूस, काँग्रेसचा सभासद नसलो तरी काँग्रेसच्या कार्यकर्त्यांमध्ये वाढलेला. मला त्या प्रकरणात वेगळंच काहीतरी दिसलं, आणि पुढच्या दोन वर्षांत जे घडलं त्याने ते जास्तच पटलं.

आधी घटनाक्रम, कारण लोक तो विसरलेत. नाशिक पदवीधर मतदारसंघ म्हणजे नाशिक, नगर, धुळे, जळगाव, नंदुरबार हे पाच जिल्हे. तिथे डॉ. सुधीर तांबे २००९ पासून आमदार. ते थोरातांचे मेहुणे. पक्षाने उमेदवारी पुन्हा त्यांनाच जाहीर केली. १२ जानेवारीला अर्ज भरायची मुदत संपत होती. त्या दिवशी सुधीर तांब्यांनी अर्जच भरला नाही, आणि त्यांचे चिरंजीव सत्यजित यांनी अपक्ष म्हणून भरला. सत्यजित म्हणजे कोणी हौशी पोरगा नव्हे, युवक काँग्रेसचे माजी प्रदेशाध्यक्ष. महिनाभर आधी एका पुस्तक प्रकाशनाच्या कार्यक्रमात देवेंद्र फडणवीसांनी थोरातांच्या समोरच टोला मारला होता की अशा मुलांना फार काळ बाहेर ठेवू नका, चांगल्या माणसांवर आमचं लक्ष असतं. सभागृह हसलं होतं.

भाजपने नाशिकला उमेदवारच दिला नाही. काँग्रेसने बापाला निलंबित केलं, मुलाला सहा वर्षांसाठी बाहेर काढलं, आणि महाविकास आघाडीने शुभांगी पाटलांना पाठिंबा दिला, ज्या काही काळापूर्वीपर्यंत भाजपच्या वर्तुळात होत्या. सत्यजित ६८,९९९ मतं घेऊन निवडून आले, पाटलांना ३९,५३४ मिळाली. पदवीधरची निवडणूक ज्यांनी जवळून पाहिलीय त्यांना याचं आश्चर्य वाटलं नसेल. इथे मतदार यादी प्रत्येक वेळी नव्याने करतात. पदवीच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स, फोटो, अर्ज, सगळं घरोघरी फिरून गोळा करावं लागतं. ज्याने नोंदणी केली, निम्मी निवडणूक त्याची. आणि ती नोंदणी तांब्यांच्याच माणसांनी केलेली.

निकालानंतर सत्यजितनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की प्रदेश कार्यालयाकडून आलेले एबी फॉर्म चुकीचे होते, भलत्याच मतदारसंघांचे होते, आणि हा सगळा थोरातांना बदनाम करण्याचा डाव होता. प्रदेश काँग्रेसने आरोप फेटाळले. आता एबी फॉर्म म्हणजे काही गूढ वस्तू नाही. ए फॉर्मवर पक्ष सांगतो की उमेदवारी द्यायचा अधिकार कुणाच्या सहीला आहे. बी फॉर्मवर उमेदवाराचं नाव असतं, आणि तो बाद झाला तर पर्यायी कोण तेही. दोन कागद. कुणी भरले, कुठल्या लखोट्यात घातले, कुणाच्या हातात दिले, किती वाजता दिले, एवढं शोधायला एक दुपार पुरते. दोन्ही बाजू टीव्हीवर बोलल्या, पण पक्षाने चौकशी करून अमुक खरं, तमुक खोटं असं कधी कार्यकर्त्यांना सांगितलं नाही.

थोरातांना मी यातून अजिबात मोकळं सोडत नाही. १२ जानेवारीपासून निकाल लागेपर्यंत पाच जिल्ह्यांतला काँग्रेसचा कार्यकर्ता एकाच प्रश्नाचं उत्तर शोधत होता, 'साहेब कुणाकडे?' साहेब बोललेच नाहीत. डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात सकाळी फिरताना पडून त्यांचा खांदा मोडला होता, ऑपरेशन झालं होतं, हे खरं. पण खांदा मोडला होता, जीभ नव्हे. राज्यातल्या पक्षाच्या आमदारांचा नेता तीन आठवडे गप्प बसतो आणि निवडणूक संपल्यावर म्हणतो की यात फार राजकारण झालं, तर त्या तीन आठवड्यांत पक्षाने सांगितलेल्या उमेदवाराच्या स्लिपा वाटणाऱ्या पोरांनी काय समजायचं? अकोले-राहात्याकडच्या एकाने मला तेव्हा सांगितलं होतं, "दादा, आमाला दोन्हीकडून शिव्या. पाटलांचं काम केलं तर संगमनेर नाराज, नाय केलं तर टिळक भवन नाराज." टिळक भवन म्हणजे मुंबईतलं प्रदेश काँग्रेसचं कार्यालय. शेवटी त्याने मतदानाच्या दिवशी सासुरवाडी गाठली.

एक गोष्ट लोक सांगायची विसरतात. थोरात स्वतः १९८५ साली संगमनेरमधून पहिल्यांदा आमदार झाले ते अपक्ष म्हणूनच. त्यामुळे भाच्याने अपक्ष फॉर्म भरला याचा धक्का त्यांना किती बसला असेल ते त्यांचं त्यांना माहीत. पण त्यानंतर ते पक्षात इतके मुरले की विखे गेले, राणे गेले, तरी हे हलले नाहीत. असा माणूस जेव्हा राजीनामा देतो तेव्हा पक्षाने निदान खुर्ची ओढून बसायला हवं होतं.

बसले कोण? प्रभारी एच. के. पाटील. ते मुंबईत आले, थोरातांना भेटले, बाहेर येऊन सगळं ठीक असल्याचं सांगितलं. राजीनामा स्वीकारला नाही. थोरात पक्षनेते राहिले, पटोले प्रदेशाध्यक्ष राहिले. म्हणजे थोरातांची तक्रार बरोबर होती का? माहीत नाही. चूक होती का? तेही माहीत नाही. बरोबर असेल तर पटोलेंना काहीच का झालं नाही, आणि चूक असेल तर राजीनामा का नाही स्वीकारला? महिनाअखेरीस रायपूरला महाअधिवेशन होतं, तिथे जाईपर्यंत आवाज बंद व्हायला हवा होता. तो झाला. काँग्रेसमध्ये प्रकरण मिटलं याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो.

आता माझा खरा मुद्दा. विधिमंडळ पक्षनेता कागदावर आमदार निवडतात. प्रत्यक्षात काय होतं ते मुंबईतल्या कुठल्याही जुन्या पत्रकाराला विचारा. बैठक होते, एका ओळीचा ठराव होतो की नेता निवडण्याचे सर्वाधिकार पक्षाध्यक्षांना देण्यात येत आहेत. टाळ्या, चहा, आणि सगळे पांगतात. मग दिल्लीहून नाव येतं. ज्याला दिल्लीने नेमलं तो राजीनामाही दिल्लीलाच देणार. आमदारांनी निवडलेला नेता असता तर थोरातांना आपल्या चव्वेचाळीस आमदारांसमोर उभं राहून सांगावं लागलं असतं की माझ्यासोबत हे असं असं झालं, आता तुम्ही ठरवा. पटोलेंनाही तिथेच उत्तर द्यावं लागलं असतं, ते स्वतः साकोलीचे आमदार होतेच की. दोन तास कडाक्याचं भांडण झालं असतं. काहीतरी निकाल लागला असता.

भांडणाला कार्यकर्ता वैतागत नाही हो. महाराष्ट्रातला काँग्रेसवाला गटबाजीवरच पोसलेला आहे. वसंतदादा-शंकरराव, विलासराव-राणे, नगरमध्ये थोरात-विखे, हे त्याला पाठ आहे. तो वैतागतो ते निकाल न लागण्याला.

उदाहरणं हवीत? जून २०२२ मध्ये विधान परिषदेला चंद्रकांत हंडोरे हे काँग्रेसचे पहिल्या पसंतीचे उमेदवार. तेच पडले, दुसरे भाई जगताप निवडून आले. पक्षाचीच मतं फुटली. दोन आठवड्यांत, ४ जुलैला, शिंदे सरकारचा विश्वासदर्शक ठराव. १६४ विरुद्ध ९९. त्या दिवशी अशोक चव्हाण, विजय वडेट्टीवार यांच्यासह काँग्रेसचे कितीतरी आमदार पोचेपर्यंत सभागृहाचे दरवाजे बंद झाले होते. एक माजी मुख्यमंत्री विश्वासदर्शक ठरावाला उशिरा पोचतो! दिल्लीने मोहन प्रकाश यांना चौकशीला पाठवलं. पुढे काय झालं ते कार्यकर्त्याला कुणी सांगितलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये चव्हाण भाजपमध्ये गेले आणि राज्यसभेवर पोचले. त्याच वर्षी जुलैत विधान परिषदेला पुन्हा काँग्रेसची मतं फुटली. २०२२ साली दोन नावं जरी जाहीरपणे घेतली असती तर २०२४ ला हात थोडे तरी थरथरले असते.

पटोलेंच्या बाबतीतही मला सगळं खापर त्यांच्यावर फोडणं पटत नाही. ४ फेब्रुवारी २०२१ ला त्यांनी विधानसभा अध्यक्षपद सोडलं आणि प्रदेशाध्यक्ष झाले. अध्यक्षाची खुर्ची जी रिकामी झाली ती ३ जुलै २०२२ पर्यंत रिकामीच राहिली, आणि ती भरली ती भाजपच्या राहुल नार्वेकरांनी. मधल्या काळात शिवसेना फुटली, सरकार पडलं, उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ किल्ला लढवत बसले. ठाकरेंच्या लोकांना हा राग अजून आहे आणि तो रास्त आहे. पण पटोले काय घरी बसून स्वतःच प्रदेशाध्यक्ष झाले का? त्यांना खुर्चीवरून उठवून दुसऱ्या खुर्चीवर दिल्लीनेच बसवलं. जी जागा आघाडीची होती ती सोडताना आघाडीला नीट विचारलं का, हा प्रश्नही दिल्लीलाच विचारायला हवा. पटोले आक्रमक आहेत, स्वबळाच्या घोषणा करून मित्रांना दुखावतात, हे सगळं मान्य. मोदींशी पंगा घेऊन खासदारकीवर लाथ मारून आलेला माणूस आहे, मवाळ असेल कसा?

आणि गंमत बघा, हे सगळं कधी घडलं. ३० जानेवारी २०२३ ला श्रीनगरात भारत जोडो यात्रेचा समारोप झाला. त्याच दिवशी नाशिकला मतदान होतं. तीनच महिन्यांपूर्वी देगलूर ते जळगाव जामोद असा महाराष्ट्र त्या यात्रेत चालला होता, कैक वर्षांनी लोक स्वतःहून बाहेर पडले होते. निकाल लागले तेव्हा अमरावती पदवीधरला काँग्रेसच्या धीरज लिंगाडेंनी माजी मंत्री रणजीत पाटलांना पाडलं होतं, नागपूर शिक्षकला म्हणजे संघाच्या दारात आघाडीचे सुधाकर अडबाले जिंकले होते. मार्चमध्ये तर कसबा आलं, १९९५ पासून भाजपकडे असलेलं पुण्यातलं कसबा. जिंकायचे दिवस होते ते! आणि आठवडाभर चॅनलवर काय चाललं होतं, तर एबी फॉर्म आणि राजीनामा. हात दाखवून अवलक्षण याहून वेगळं काय असतं?

मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिवसेनेच्या खटल्यात सांगितलं की प्रतोद आणि सभागृहातला नेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही. फुटिरांना आवर घालायला हा निकाल योग्यच होता. माझ्या काही काँग्रेसी मित्रांनी तो लगेच पुढे केला, बघ, नेता दिल्लीनेच ठरवायचा असतो. अरे, पक्षाने नेमायचं म्हणजे आमदारांना न विचारता नेमायचं, असं कोर्ट कुठे म्हणालं? पक्ष म्हणजे फक्त दिल्लीतला एक बंगला, हे तुम्ही कधी ठरवलंत?

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. लोकसभेला २०२४ मध्ये काँग्रेसने १७ पैकी १३ जागा जिंकल्या. शिवाय सांगलीत ज्या विशाल पाटलांना तिकीट नाकारलं ते अपक्ष निवडून येऊन परत काँग्रेसकडेच आले. म्हणजे नाशिकचाच धडा पुन्हा, फक्त या वेळी सुदैवाने दार उघडं राहिलं. आणि सहा महिन्यांत विधानसभेला १६. महाराष्ट्रात काँग्रेसने इतका नीचांक कधी पाहिला नव्हता. १९८५ पासून आठ वेळा निवडून आलेले थोरात संगमनेरात पहिल्यांदाच विधानसभा लढवणाऱ्या अमोल खताळांकडून पडले. पटोले साकोलीत वाचले, २०८ मतांनी. ज्या दोघांचं भांडण दिल्लीने न सोडवता झाकलं, त्या दोघांनाही मतदाराने एकाच दिवशी कुठे आणून ठेवलं ते पाहा. संगमनेरच्या पराभवाला विखेंची ताकद, लाडकी बहीण, चाळीस वर्षांचा कंटाळा अशी दहा कारणं आहेत. सगळं राजीनाम्याच्या प्रकरणावर ढकलणं मूर्खपणा ठरेल. पण २०२३ च्या जानेवारीत सासुरवाडीला गेलेली पोरं २०२४ च्या नोव्हेंबरात बूथवर परत आली का, हे कुणीतरी मोजायला हवं होतं.

१३ फेब्रुवारी २०२५ ला हर्षवर्धन सपकाळ प्रदेशाध्यक्ष झाले आणि विजय वडेट्टीवार विधिमंडळ पक्षनेते. सपकाळांबद्दल माझं मत चांगलं आहे, जमिनीवरचा माणूस आहे, कारखाना नाही, कॉलेज नाही. वडेट्टीवारही सभागृहात बोलतात चांगलं. पण दोन्ही नावं आली ती एकाच दिवशी, दिल्लीहूनच. विधानसभेत तेव्हा पक्षाचे सोळा आमदार होते. सोळा माणसांना एका खोलीत बसवून हात वर करायला सांगितले असते, तर दहा मिनिटं लागली असती.