बचत करून कफल्लक होण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

दिवाळीत पैसे उधळून कंगाल होणं कुणालाही जमतं. बचत करत करत कंगाल व्हायला मात्र कसब लागतं, आणि आपल्या मध्यमवर्गाने ते चांगलंच कमावलं आहे. नवशिक्यांसाठी कृती पुढे देत आहोत. मनापासून पाळलीत तर कार्तिक संपायच्या आत गुण येईल.

आधी बोनस. तो हातात पडायच्या आत खर्चून मोकळे व्हा. १९६५ च्या बोनस कायद्याने (२०२५ मध्ये त्याची जागा वेतन संहितेने घेतली) किमान ८.३३ टक्के बोनस ठरवून दिला. वर्षाचा बारावा हिस्सा, म्हणजे एक पगार. इथवर वाचा आणि थांबा. हिशोबाला तुमचा खरा पगार धरत नाहीत, सात हजार किंवा किमान वेतन यांतलं जे जास्त असेल ते धरत आले आहेत, ही पुढची ओळ वाचलीत तर उगाच खरेदीवर परिणाम होतो. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २१,००० च्या वर गेलेल्यांना तर हा कायदा ओळखही दाखवत नसे. त्यांना मालक देईल ते घ्यायचं. तरीही ‘एक पगार येतोय’ असं घरात जाहीर करा. मुलांसमोर करा, म्हणजे माघार घेता येत नाही.

आता मोबाइलवर सेल उघडा. ‘१० टक्के तात्काळ सूट’ अशी पट्टी दिसेल. तिच्या पोटात बारीक अक्षरांत दोन आकडे असतात: सूट जास्तीत जास्त किती आणि त्यासाठी खरेदी कमीत कमी किती. ४०,००० च्या टीव्हीवर मनातल्या मनात ४,००० वाचवून टाका. कमाल सूट १,५०० आहे हे पैसे भरताना कळेल, पण तोवर टीव्हीची जागा भिंतीवर ठरलेली असते. किमान खरेदीचा आकडा त्याहून कामाचा. तुमची गरज ४,२०० ची आहे आणि सूट ५,००० ला लागते? मग ८०० रुपयांचं काहीही टाका. पाण्याची बाटली, मोबाइलचं कव्हर, पायपुसणं. सूट मिळाली ५००, त्यासाठी खर्च झाला ८००. हे ५०० ‘वाचले’ म्हणून संध्याकाळी फोनवर बहिणीला सांगायला विसरू नका, नाहीतर तीही गरजेपुरतंच घेऊन बसेल.

पैसे एकदम भरू नका. बिनव्याजी हप्ते घ्या. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. तेव्हापासून शून्य टक्के हे नाव मागे पडलं आणि ‘नो कॉस्ट’ आलं. यंत्र आतून असं चालतं: व्याज लागतंच, दुकानदार तेवढी रक्कम किमतीतून आधी वजा करून दाखवतो आणि बँक ती तुमच्याकडून हप्त्याहप्त्याने घेते. ३०,००० चा फोन सहा हप्त्यांत, व्याज वर्षाला १६ टक्के धरू. हप्ता ५,००० चा, त्यात एकूण व्याज साधारण १,३५०. ते दुकानदाराच्या सवलतीत फिटलं, ठीक. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो कुणी फेडत नाही: सुमारे २४४ रुपये. वर प्रक्रिया शुल्क १९९ आणि त्यावरचा जीएसटी, म्हणजे २३५. फुकट हप्त्यांचे झाले पावणेपाचशेच्या वर. तोच फोन एकरकमी घेणाऱ्याला वेगळी सूट असेल तर ती तुम्ही सोडलीत, शिवाय हप्ते लावल्यावर कार्डाचे पॉइंटही बहुधा मिळत नाहीत. सहा महिने दर महिन्याला बिलात वीस-पन्नास रुपयांची एक अनोळखी ओळ येत राहील. तिच्याकडे बघू नये. दिवाळीचा आनंद तिथेच टिकतो.

कार्डाचं बिल आल्यावर दोन रकमा छापलेल्या असतात, मोठी आणि लहान. लहान भरा. ४०,००० चं बिल असेल तर किमान रक्कम साधारण पाच टक्के, म्हणजे २,०००. उरलेल्या ३८,००० वर महिना साडेतीन टक्क्यांनी १,३३० व्याज, त्यावर जीएसटी २३९. पुढच्या महिन्यात पुन्हा २,००० भरलेत तर त्यातले जेमतेम ४३० मुद्दलापर्यंत पोचतात. शिवाय अख्खं बिल फेडलं नाही की बिनव्याजी मुदत संपते: व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजलं जातं आणि त्यानंतर घेतलेल्या दुधाच्या पिशवीवरही पहिल्या दिवसापासून लागतं. वर्षाला हा दर ४२ टक्के होतो. गावातल्या ज्या सावकाराला आजोबा शिव्या घालायचे, त्याने तोंडात बोट घातलं असतं.

पण हे सगळं सोन्यापुढे किरकोळ आहे.

सोनं म्हणजे गुंतवणूक, असं म्हणून घराबाहेर पडा आणि दागिना घ्या. गणित सोपं जावं म्हणून दहा ग्रॅमची किंमत एक लाख धरू. मजुरी १२ टक्के, म्हणजे १२,०००. सगळ्यावर ३ टक्के जीएसटी, ३,३६०. चेन गळ्यात पडेपर्यंत १,१५,३६० झाले. त्याच पेढीवर दुसऱ्या दिवशी परत नेलीत तर मजुरी गेली, कर गेला, वर घट कापतील ती वेगळी. पंधरा हजार चोवीस तासांत भस्म करणारी गुंतवणूक दुसरी शोधून दाखवा. ज्यांना खरोखर सोनंच साठवायचं असतं ती जुनी माणसं मुकाट्याने वेढणी, म्हणजे सोन्याचं साधं बिननक्षीचं वळं घेतात, तिला मजुरी नाममात्र पडते. तुम्ही तसलं काही करू नका, ती भाऊबीजेला मिरवता येत नाही.

‘मजुरीवर ५० टक्के सूट’ असा फलक दिसला की आत शिरा आणि सूट देण्याआधी मजुरी किती होती ते विचारू नका. २४ टक्क्यांच्या निम्मे १२ होतात. खड्यांचा दागिना असेल तर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन पावतीवर वेगळं लिहून मागणं हा पेढीचा अपमान आहे असं समजा. काच सोन्याच्या भावात घ्यायची संधी रोज येत नाही. हॉलमार्कची तीन चिन्हं असतात: बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का, २२ कॅरेटसाठी ९१६ हा शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, जो एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की दागिन्याची कुंडली दिसते. मागे चाळीस माणसं रांगेत असताना कुंडल्या बघत बसणं शोभत नाही.

मुहूर्त मात्र चुकवू नका. धनत्रयोदशी साडेतीन मुहूर्तांत नाही, पाडवा आहे आणि तोही अर्धाच, हे तुम्हाला कुणी सांगू लागलं तर मान डोलवा आणि दोन्ही दिवशी घ्या. मुहूर्त अर्धा असला तरी मजुरी पूर्ण लागते.

कपड्यांत फार वेळ घालवू नका. सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. तेव्हा २,६०० चा कुर्ता निवडा. शंभर रुपयांच्या फरकासाठी काय रडायचं? करासह एक २,६२५ ला पडतो, दुसरा ३,०६८ ला.

मिठाई किलोवर घ्या आणि डब्यासकट तोलू द्या. काजूकतली १,२०० रुपये किलो असेल आणि डबा ८० ग्रॅमचा, तर पुठ्ठ्याचे ९६ रुपये झाले. सोनेरी असला तरी पुठ्ठा काजूच्या भावात. मिठाई निव्वळ वजनाने विकायची असा नियम आहे आणि तक्रार घ्यायला वैध मापन शास्त्र नावाचं खातंही आहे. पण दुकानदाराला ‘आधी रिकामा डबा ठेवून काटा शून्य करा’ असं म्हणायला जी जीभ लागते ती आपण भाजीवाल्या मावशींसाठी राखून ठेवलेली असते.

खरी बचत फराळ घरी करण्यात आहे, फक्त सुरुवात उशिरा करा. अनारशांचे तांदूळ वसुबारसेला भिजत घाला. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, मग वाळवून, कुटून, गुळात मळलेला गोळा आणखी चार-पाच दिवस मुरायचा. भाऊबीजेची ताटं उचलून झाल्यावर पीठ तयार होईल. चकलीच्या भाजणीला चार वाट्या तांदूळ, दोन हरभऱ्याची डाळ, एक उडीद, अर्धी मूग, वर धने-जिरे. मोहन अंदाजाने ओता: जास्त झालं तर चकली कढईत विरते, कमी पडलं तर सासूबाईंची कवळी धोक्यात येते. घाई आहे म्हणून मोठ्या आचेवर तळा. बाहेरून छान लाल होते, आत ओली राहते आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडते. मग बचत गटाच्या ताईंकडून तयार चकली आणा. आता एका चकलीचे पैसे दोनदा देऊन झाले.

त्यातला निम्मा फराळ अमेरिकेतल्या लेकीला पाठवा. कुरिअरवाला नुसतं वजन बघत नाही. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतो आणि येणारा आकडा वजनापेक्षा मोठा असेल तर तोच लावतो. ४० बाय ३० बाय ३० चं खोकं म्हणजे ७.२ किलो. आत पातळ पोह्यांचा चिवडा असेल तर काट्यावर चारच भरेल. उरलेल्या ३.२ किलोंत हवा आहे. खास आपल्या घरची हवा, लेकीला आवडेल. लाडू पाठवले असते तर खोकं निम्म्यात आलं असतं, पण तिने चिवडा मागितला होता.

गावी जायचं रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, ते उघडू द्या. तात्काळ आहेच: आदल्या दिवशी वातानुकूलितसाठी सकाळी १० ला, स्लीपरसाठी ११ ला, आणि पाच मिनिटांत आटोपतं. मग खासगी बस. तिचं भाडं एसटीच्या दीडपटीवर जाऊ नये असं २०१८ चं शासनाचं बंधन आहे. गाडीत बसल्यावर वाचायला बरं.

ओवाळणी पाकिटातून देऊ नका. पाडव्याला बायकोला आणि भाऊबीजेला बहिणीला मोबाइलवरून पाठवा. म्हणजे दोन्ही आकडे एकाखाली एक, तारखेसकट राहतात आणि पुढची चर्चा पुराव्यानिशी होते.

एवढ्या सगळ्यानंतर कुठेतरी हात आखडावाच लागतो. तो पोस्तीवर आखडा. घरकाम करणाऱ्या मावशींना दिवाळीला महिन्याचा पगार द्यायची रीत आहे, पण त्यांनी श्रावणात चार खाडे केले होते ते आत्ता आठवा. वॉचमन काकांना ऑफिसातून आलेला सोनपापडीचा डबा चालेल, तारीख बघून घ्या, म्हणजे त्यांनी बघायच्या आत देता येईल. कचरा नेणाऱ्या भाऊंना ‘सोसायटीकडून मिळेल’ म्हणा आणि सोसायटीच्या ग्रुपवर ‘ज्याने त्याने आपापलं द्यावं’ असं लिहा.

तुळशीचं लग्न लागलं की पहिली पत्रिका येते. आहेर आहे, जाण्यायेण्याचा खर्च आहे, आणि कार्ड तर भरलेलं. घाबरू नका. मर्यादा वाढवायला बँकेला आता तुमची संमती घ्यावी लागते, त्यामुळे तसा मेसेज येईल. ‘होय’ दाबा.